सिंकखालचं मशीन कुणी अडवलं

मला राग लवकर येतो. बढाई म्हणून सांगत नाही, आणि माफी मागायला तर मुळीच नाही. भुसावळच्या कारखान्यात फिटर म्हणून माझा जन्म गेला. तिथं मशीन बोलायचं आणि माणसाला त्याच्यावर आवाज काढावा लागायचा. तो चढलेला आवाज पुन्हा उतरलाच नाही. निवृत्त झाल्यावर जळगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बायको रोज म्हणते, "अहो, हळू बोला, खाली वॉचमनले ऐकू जाऊ राह्यलं." आता या वयात काय हळू बोलणार? सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.

पण आज सांगतोय तो राग निराळा. तो सुरू झाला आमच्या स्वयंपाकघरातल्या एका मशीनपायी, आणि त्यात आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईची चारही घरं जायची वेळ आली. चार घरं म्हणजे तिचं सगळंच. आमच्या एकाच बिल्डिंगमध्ये ती आमचं धरून चार घरची धुणीभांडी करायची, बाहेर एकही काम नव्हतं. वय पन्नाशीच्या आसपास, माहेर धुळ्याकडचं. इतकी वर्षं जळगावात काढली तरी बोलणं माहेरचंच, अहिराणी, 'आहे'च्या जागी शे शे. मला ती आबा म्हणायची. तिच्या हाताबद्दल आणि शब्दाबद्दल बिल्डिंगमध्ये कुणी कधी ब्र काढला नव्हता. तो मी काढला.

मशीन आणलं पोरानं. तो पुण्याला असतो. मागच्या दिवाळीत आला आणि आईचे गुडघे पाहून हळहळला. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. सकाळी घंटागाडी खाली येऊन गाणं वाजवायला लागली की ओल्या कचऱ्याची बादली घेऊन तीन मजले उतरायचं आणि पुन्हा चढायचं. मी उतरलो असतो, मला काय धाड भरली होती? पण पोरानं ऐकलं नाही. सिंकच्या भांड्याखाली एक डबा बसवून दिला. आत जाडजूड चकती फिरते, खरकटं दळून काढते आणि पाण्याबरोबर नळीतून वाहून जातं. वर तोंडाशी रबराची झडप, बाजूला भिंतीवर बटण. बटण दाबलं की घर्रर्र करतं आणि उष्टं गायब.

पोरगा मलाच शिकवायला लागला. "पप्पा, आधी गार पाण्याचा नळ सोडायचा, मग बटण. दळून झाल्यावरही थोडं पाणी वाहू द्यायचं. गरम पाणी नाही, तेल-तूप नाही. एकदम ढीग नाही टाकायचा, थोडं थोडं. भात नि कणकेचे गोळे फुगतात, ते नको. आणि दोरे सुटतात असं काही टाकायचं नाही. गवारीच्या शिरा, मक्याच्या कणसाचे केस, केळीच्या साली. त्या आत गुंडाळल्या जातात."

मी म्हटलं, "मले शिकवू राह्यला का तू? चौतीस वर्षं मशीनच पाहिली मी."

"तुम्हाला नाही, आईला सांगतोय," तो म्हणाला. बोलला आईला आणि पाहत माझ्याकडे होता, लबाड.

आता माझं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी सावद्याचा. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना केळीचे बाग होते. आईचं दूध सुटल्यावर मी पहिल्यांदा काय खाल्लं असेल तर केळं. अजून पुतण्या बागेतून घड पाठवतो, आणि आमच्या मागच्या खोलीत गोणपाटाखाली पिकत ठेवलेल्या केळ्यांचा वास असतो म्हणजे असतोच. आणि डॉक्टरनं मला सांगितलं काय? साखर वाढली आहे, केळं बंद. सावद्याच्या माणसाला केळं बंद! त्याच्या तोंडावर मी काही बोललो नाही, पण बाहेर आल्यावर जिना उतरता उतरता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बायकोनं मात्र डॉक्टरचं म्हणणं गाठीला बांधलं. घड आला की शेजारीपाजारी वाटायची. उरलेल्यावर नजर ठेवायची. आणि घरात काही खाल्लं गेलं का, हे ती कुठं बघायची? कचऱ्याच्या बादलीत. "ही साल कोणाची?" असं विचारायची की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मी कारखान्यात साहेबाला घाबरलो नाही, पण या बाईला घाबरायचो.

आणि मग पोरानं हे मशीन बसवलं. पुरावा दळून टाकणारं मशीन माझ्या स्वयंपाकघरात! दुपारी बायको जरा आडवी झाली की मी मागच्या खोलीत जायचो, एक-दोन केळी खायचो, साली झडपेतून आत सोडायचो, नळ, बटण, घर्रर्र, दहा सेकंद. बायको आतून विचारायची, "काय हो?" मी म्हणायचो, "चहाची पत्ती."

साल म्हणजे काय, मऊ. मशीनच्या दातांपुढं लोणी. असं मी स्वतःला सांगायचो. वास्तविक लहानपणी केळीच्या वाळल्या पानांच्या पट्ट्या काढून आम्ही चाऱ्याच्या पेंढ्या बांधायचो. घड त्यानंच बांधायचो. तुटता तुटत नाही ती पट्टी, हाताला कापते. केळीत दोरा असतो हे ज्याला कळत नाही तो सावद्याचा नव्हेच. मला कळत होतं. पण खायचं होतं. जिभेपुढं अक्कल गहाण.

असे दोन महिने गेले. मशीन कधी अडलं नाही. मी मनात म्हणायचो, पोराला काही कळत नाही, लॅपटॉपवर बोटं आपटणारी जात.

मग बाईनं दोन दिवसांची सुट्टी मागितली. धुळ्याला भाच्याचं लग्न होतं. बायकोनं दिली. आणि त्याच दोन दिवसांत पुतण्याकडून ताजा घड आला. घरात भांडी साठलेली, बायकोचे गुडघे दुखत होते म्हणून ती पलंगावर, आणि मी मोकाट. किती खाल्ली विचारू नका. साली आत, देठं आत, बटण.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आली. नव्या बांगड्या, लग्नातले लाडू रुमालात बांधून आणलेले. पदर खोचला, भांडी घासायला घेतली. मी बाहेर पेपर वाचत होतो. बटणाचा आवाज आला आणि नेहमीच्या घर्रर्रऐवजी नुसतं घूं ऐकू आलं. घूं, घूं, आणि मग टक्. बंद.

तो आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं. मोटार जोर लावते, चकती हलत नाही, आत काहीतरी गुंडाळलंय. आणि काय गुंडाळलंय तेही कळलं.

बायको लंगडत आली. "काय झालं? काय टाकलं ग?"

"वहिनी, मी काहीच टाकेल नही शे," बाई म्हणाली. "खरकटं बी अजून टाकं नही."

त्या वेळी मी काय करायला पाहिजे होतं? कारखान्यात नवीन पोरांना मीच सांगायचो, उघडल्याशिवाय बोलायचं नाही. आधी करंट बंद, मग खोल, मग डोळ्यांनी बघ, मग तोंड उघड. पण उघडलं असतं तर बायकोच्या डोळ्यांदेखत सगळ्या साली बाहेर आल्या असत्या. म्हणून मी उघडलं नाही. तोंड उघडलं.

"तारेची घासणी गेली आत!" मी ओरडलो. सिंकच्या कडेला तिची घासणी पडली होती, झिजून अर्धी झालेली. ती मी उचलली आणि नाचवली. "ही बघा, अर्धीच राहिली. अर्धी आत. मी आवाजावरून सांगतो, तार गुंडाळली गेली."

"आबा, ती झिजेल शे. आते नवी लागी," बाई म्हणाली.

"वर तोंड करून बोलते! टाकली ते टाकली, वर खोटं बोलते!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसा मी ओरडत सुटलो. जितकी भीती जास्त तितका आवाज मोठा. आमचा दरवाजा उघडा होता. समोरच्या फ्लॅटमधली वहिनी बाहेर आली, वरच्या मजल्यावरची जिन्यात येऊन वाकली, खालचीही आली. ही तिन्ही घरं बाईचीच. त्या सगळ्यांसमोर मी तिला खोटारडी म्हणालो. एकदा नाही. बाईनं हात पुसले, लाडवाचा रुमाल ओट्यावर ठेवला आणि चप्पल घालून निघून गेली. समोरची वहिनी म्हणाली, "काकांना कळतं हो, कारखान्यात होते ना." ते वाक्य मला तेव्हा बरं वाटलं. थू माझ्या बरं वाटण्यावर.

पोराला फोन केला. तो म्हणाला, कंपनीचा माणूस नाशिकहून येतो, चार दिवस लागतील, तोवर हात लावू नका. म्हणजे चार दिवसांनी एक तिऱ्हाईत येऊन माझी केळी बायकोच्या हातात काढून देणार. माझी झोप गेली. चौथ्या दिवशी दुपारी बायको गुडघ्याला शेक द्यायला दवाखान्यात गेली. मी दरवाजाला कडी घातली आणि सिंकखाली शिरलो.

आता एवढं सांगतो, कुणाला उपयोगी पडलं तर पडू दे. आधी भिंतीतली पिन काढली. नुसतं बटण बंद करून भागत नाही, हात आत असताना कुणी येऊन दाबलं तर बोटं जातील. मग झडप वर करून टॉर्च मारली. आत हात घातला नाही, लांब चिमट्यानं चाचपलं. डब्याच्या तळाला खालून, बरोबर मधोमध षट्कोनी भोक असतं. त्यात तसल्याच तोंडाचा वाकडा पाना घालायचा आणि मागं-पुढं, मागं-पुढं फिरवायचा, जोर करायचा नाही. आधी चकती जागची हलली नाही. मी शिव्या दिल्या. मग जराशी हलली. आणखी शिव्या दिल्या. मग चकती मोकळी झाली तसा चिमट्यानं एकेक धागा ओढत गेलो, आणि बाहेर आला केळीच्या दोऱ्यांचा मुठीएवढा काळा बोळा, त्यात अडकलेली देठं. तार? तारेचा एक धागा नाही. शोधला मी, खरं सांगतो, टॉर्च मारून मारून शोधला. एक तुकडा सापडू दे रे देवा, म्हणजे मी निम्मा तरी सुटेन. नाही सापडला.

डब्याखाली लाल बटण असतं, मोटार तापली की ते बाहेर येतं. ते दाबलं, पिन लावली, गार पाणी सोडलं, बटण. घर्रर्र. चालू. पोराला फोन करून नाशिकच्या माणसाला नको म्हटलं.

आणि मग मी काय केलं? तो बोळा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली, वर दुसरी पिशवी, आणि तीन गल्ल्या पलीकडच्या कचऱ्याच्या ढिगात टाकून आलो. वयस्कर माणूस, डोक्याला पांढरे केस, आणि चोरासारखा इकडंतिकडं बघत चाललेला. मला अजून ते आठवलं की कानशिलं तापतात.

बायको आली. मशीन चालू बघून खूश झाली. "तुम्ही काढलं? घासणीच होती ना?"

मी म्हणालो, "हं."

नुसतं हं. पूर्ण वाक्यही नाही. त्या हं इतकं खोटं मी आयुष्यात दुसरं काही बोललो नसेन.

बायको म्हणाली, "बरंच झालं मग. समोरच्यांनी, वरच्यांनी, खालच्यांनी, तिघांनी बी काढलं तिले. समोरची म्हणे, आज घासणी टाकून खोटं बोलते, उद्या कपाटात हात घालील."

मला माहीत नव्हतं. आईशप्पथ माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, चार दिवस आमच्या घरी रुसेल, मग येईल, बायको दोन शब्द बोलेल, झालं. मी बायकोवरच ओरडलो, "काढलं म्हणजे? कोणी सांगितलं त्यांना काढायला?" "तुम्हीच तं सांगितलं," ती म्हणाली. "साऱ्या जिन्याले ऐकवून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईच्या घरी गेलो. रेल्वे लाइनच्या पलीकडे राहते ती. मनात काय होतं सांगू? माझ्या मनात असं होतं की मी स्वतः चालत आलोय हे पाहूनच ती गहिवरेल. मी म्हणेन, झालं गेलं विसर, ये उद्यापासून, आणि ती पदर सावरून उभी राहील. माणूस किती गाढव असावा!

एक खोली, झाडून लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजं फूल. ती तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली, खुर्ची पुसून दिली आणि न विचारता चहा ठेवला. चहा प्यालो तर बिनसाखरेचा. ज्याच्यापायी तिची चार घरं गेली त्याची साखर तिच्या ध्यानात होती.

मी घसा खाकरला. "मशीन सुरू झालं," म्हणालो.

"घासणी निंघनी का?" तिनं विचारलं. चेहऱ्यावर काही नाही, ना राग ना हसू.

मी चहा फुंकायला लागलो.

"आबा, मले पहिला दिनपाईन माहीत शे," ती म्हणाली. "तुम्ही केळं खातस, साली तठे टाकतस. रोज सकायले पिन काढीसन मी देठं नि दोरा बठ्ठा काढी लेऊ, नि कागदमा बांधीसन बाहेर टाकू. वहिनीले दिसाले नको, तुम्हले बोलणं खावं नको. दोन दिन मी लगीनले धुयाले गयी, तिसरा दिन काढाना आधीच बटन दाबं, तवयच ते अडकनं."

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे दोन महिने ते मशीन माझ्या हुशारीवर चाललं नव्हतं. माझ्या मागून ही बाई रोज ते साफ करत होती. मी साली टाकायचो, ती देठं वेचायची, माझी लाज झाकायची, आणि त्याबद्दल तोंडातून एक शब्द नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ऐकलं होतं. इथं तर चोरानंच फाशी दिली होती.

मग मला राग आला. हो, तिचाच! मी म्हणालो, "मग त्या दिवशी सांगायचं ना! सगळ्या उभ्या होत्या. म्हणायचं, आबा केळी खातात, आबाच टाकतात. का गप्प बसलीस?"

तिनं ताटातला एक खडा बाजूला काढला. "सांगं असतं तं कोन्ही मानं असतं का, आबा? तुम्ही तरी मानं असतं का?"

मला ठाऊक होतं मी काय केलं असतं. मी दुप्पट ओरडलो असतो. म्हणालो असतो, बघा, आता माझ्यावर ढकलते! आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

"मी सांगतो सगळ्यांना," मी उठलो. "आत्ता जातो. घरोघर सांगतो. तुझी घरं तुला परत देतो."

ती दारापर्यंत आली तेवढी.

घरी येऊन आधी बायकोला सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. तिनं सगळं ऐकलं. केळ्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "त्या दिवशी तिनं आणलेले लाडू मी घंटागाडीत टाकले." आणि आत जाऊन तोंडाला पदर लावून रडली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी समोरचं दार वाजवलं. ही समोरची वहिनी वाईट बाई नाही, आमच्या आजारपणात डबे दिलेत तिनं. मी तिला सांगितलं, घासणी नव्हती, साली होत्या, साली मी टाकल्या, मी खोटं बोललो, बाईचा काही दोष नाही. एका दमात सांगितलं.

ती माझ्याकडे बघून हसली. प्रेमानं हसली. "काका, तुमचं मन मोठं आहे हो. गरीब बाईची घरं जाऊ नयेत म्हणून स्वतःवर घेताय."

"अहो नाही! मी खरंच खाल्ली केळी!"

"असू द्या काका. साखर असताना तुम्ही कशाला केळी खाल? काकू किती कडक आहेत, आम्हाला माहीत नाही का?"

वर गेलो. वरची म्हणाली, "समोरच्या ताईंचा फोन आला होता, तुम्ही येताय म्हणून. तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता." खालचीनं मला हात धरून बसवलं आणि पाणी दिलं. माझा आवाज चढायला लागला. इतकी वर्षं खरं-खोटं जे बोललो ते लोकांनी ऐकलं, कारण मोठ्यानं बोललो. आता घसा फोडून खरं बोलत होतो तर त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पुरावा मागाल तर पुरावा मीच तीन गल्ल्या पलीकडं टाकून आलेलो. लगोलग तिथं जाऊन पाहिलंही, ढीग उचलून नेला होता.

तेव्हा डोक्यात तिडीक उठली. संध्याकाळी मी तिघींना आमच्या स्वयंपाकघरात बोलावलं. बायकोही उभी. ओट्यावर केळ्यांची फणी ठेवली. म्हटलं, आता बघा. त्यांच्यासमोर एकेक केळं सोललं, केळी ताटात, साली हातात. "हे बघा देठ, हे बघा दोरे. हेच आत गुंडाळलं होतं. आता पुन्हा अडकवून दाखवतो." आणि सगळ्या साली, देठांसकट, झडपेतून आत कोंबल्या. पोरानं जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं केलं. पाणीसुद्धा आधी सोडलं नाही. मनात म्हणालो, अडक. बाबा रे, एकदाच अडक. बटण दाबलं.

घर्रर्र.

मीच खोलून, साफ करून, मोकळं करून ठेवलेलं मशीन. सगळ्या साली त्यानं बिनतक्रार दळून काढल्या. मी नळ सोडला, पाणी गरगरत खाली गेलं. पुन्हा दाबलं. घर्रर्र. तिसऱ्यांदा दाबलं. सिंक लख्ख.

बायको ओट्याला टेकून उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. मी बटणावरचं बोट काढलं नाही, मशीन रिकामंच फिरत राहिलं. शेवटी समोरच्या वहिनीनं पुढं होऊन ते बंद केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा काका, सालीनं काही होत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आता त्या बाईचा विचार सोडा. आम्ही नवीन बाई लावलीय, उद्यापासून तिलाच तुमच्याकडे पाठवते. कामाला जरा हळू आहे, पण खोटं बोलत नाही."